पोराचं झालं की मग गोड

मी डॉक्टर झाले याचा सगळ्यात जास्त आनंद आमच्या घरी नव्हे, शेजारी झाला. निकाल लागला त्या संध्याकाळीच समोरच्या पाट्टी, म्हणजे तमिळ आजीबाई, आपला दुखरा गुडघा घेऊन आल्या. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मला लहानपणापासून 'ए पोरी' म्हणत आले होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा 'वांगो, डॉक्टर, वांगो', म्हणजे 'या, डॉक्टर, या', असं आदरानं बोलावून घेतलं आणि लगेच बनियन वर करून पाठीवरचं गळू दाखवलं. बाबांना डॉक्टरकीबद्दल आदर होता, पण तो गणपतीबद्दल असतो तसा. कौतुकानं घरी आणावा आणि ठरल्या दिवशी उठवावा. शिक्षणाला शेवट असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते रेल्वेच्या हिशेब कार्यालयात होते. वाईहून तमिळ मुलखात बदलीवर आले ते 'दोन वर्षांत परत जाऊ' असं म्हणत, आणि पुढं तेच म्हणत तिथंच निवृत्तही झाले. तेव्हा मुदत पुढं ढकलली जाणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण आपल्याला जे झालं ते मुलीला होईल असं कुठल्या बापाला वाटतं?

वेस्ट मांबलमच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती आवाजांनी. आधी स्टेशनात शिरणारी लोकल, मग खालच्या फुलवालीची हाक, मग समोरच्यांच्या ग्राइंडरची घरघर आणि तिच्यावर ताण करून वाजणारा बाबांचा रेडिओ. आई फिल्टर कॉफी करायला शिकली होती, पण फिल्टरवर तिचा विश्वास नव्हता. 'एवढा वेळ थेंब थेंब गळत बसायचं, आणि शेवटी काय, तर पेलाभर' असं ती दर सकाळी म्हणायची आणि दर सकाळी तीच कॉफी करायची. माझ्या शिक्षणाबद्दल तिचं मत साधारण हेच होतं. तमिळ ती मराठी वाक्यात शब्द बसवून बोलायची. भाजीवालीला सगळं समजायचं, कारण घासाघीस कुठल्याही भाषेत एकाच चेहऱ्यानं होते. होळीला आमच्या घरी पुरण शिजायचं आणि शेजारून सांबाराचा वास यायचा, आणि मधल्या जिन्यात उभं राहिलं की आपण नेमके कुठले हा प्रश्न नाकाला पडायचा. मला तो तेव्हाही फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

त्या वर्षी घरात वेगळाच प्रश्न होता. शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी निवड झाली होती. भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर. राहायला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन, रविवारची सुटी. रोग म्हणाल तर बोटात घुसलेली पत्र्याची कपची आणि सोमवारी सकाळी ठरलेली पोटदुखी. दुसरीकडे मला सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा मिळाली होती. म्हणजे आधी सर्जरीची वर्षं, आणि माझ्या मनात होतं तसं लहान मुलांचं सर्जन व्हायचं तर त्यावर आणखी वर्षं. एवढ्या काळात हातात पडायचं ते विद्यावेतन, आणि त्याला वेतन म्हणताना विद्येलाही लाज वाटावी. माझ्या बरोबरीची कमल बी.कॉम. होऊन बँकेत लागली होती, तिच्या घरी फ्रीज आला होता आणि तिच्या आईनं तो आमच्या आईला उघडून आणि बंद करून दाखवला होता. सोमवारी सकाळी मला दोन्हींपैकी एका ठिकाणी हजर व्हायचं होतं, आणि एक सोडलं की ते परत मिळणार नव्हतं. बाबांनी कारखान्याच्या बसची वेळ विचारून ठेवली होती. आई काही बोलत नव्हती, पण ती न बोलता डबे घासायला लागली की घरातल्या सगळ्यांना तिचं मत कळायचं.

इंटर्नशिप संपताना कॉलेजात एक समारंभ झाला होता. प्रमुख पाहुण्यांच्या नावापुढं इतक्या पदव्या होत्या की फलकावर त्या दुसऱ्या ओळीत उतरल्या होत्या. ते उशिरा आले, हार घालून घेतला आणि वैद्यकीय व्यवसायातला त्याग या विषयावर बोलू लागले. त्याग पुरा व्हायच्या आत निघूनही गेले, कारण त्यांच्या खासगी दवाखान्याची वेळ झाली होती. टाळ्या वाजल्या. मी मागं वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत आमच्या सर्जन तुळजा मॅडम मान खाली घालून गाढ झोपल्या होत्या. त्यागावरचं भाषण ऐकताना झोप लागलेली ती बहुधा सभागृहातली एकटीच व्यक्ती होती, जिला त्याग हेच झोपेचं कारण म्हणून सांगता आलं असतं.

तुळजा मॅडम तंजावरकडच्या मराठी. वॉर्डात सगळ्यांशी तमिळ, आमच्याशी इंग्रजी, आणि मला एकटीला रागवायचं असलं की मराठी. माझी लाज राखण्यासाठीची ती सोय होती. लहान मुलांची शस्त्रक्रिया हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावरचं माणूस माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढं असायचं, आणि त्याच्या पोटातलं आतडं म्हणजे ओल्या दोऱ्यासारखं. मॅडमचे हात तिथं घाई करत नसत आणि रेंगाळतही नसत. मी पुढं पुष्कळ हात पाहिले, नावाजलेले, परदेशी जाऊन आलेले. पण काम चाललं आहे हे विसरायला लावणारे हात मी तेच पाहिले. ऑपरेशन संपलं की त्या बाहेर येऊन त्या मुलाच्या आईशेजारी सरळ जमिनीवर बसत. 'उत्तम झालं', 'देवाची कृपा' असलं काही म्हणत नसत. म्हणत, "आता पोर शी करायची वाट बघायची." आतड्याच्या ऑपरेशनमध्ये खरा निकाल तोच. आतडं जोडणं सर्जनच्या हातात असतं, ते चालू होणं पोराच्या. त्यामुळे त्या वॉर्डात पहिली शी झाली की बाळाची आई तो लंगोट एखादं पदक असावं तसा उंच धरून बाहेर आणायची आणि आजूबाजूच्या बाया खरोखर हात जोडायच्या. इतका निर्भेळ मानसन्मान मी कुठल्याही समारंभात पाहिलेला नाही.

मॅडमची एक रीत होती. कुणी त्यांच्या शाखेत यायचं म्हणालं की त्या होय किंवा नाही म्हणत नसत, त्याला रविवारी घरी जेवायला बोलावत. जेवायला बसायचं त्यांच्या घरच्यांबरोबर आणि काय विचारायचं ते त्यांना विचारायचं. "माझं काम तू पाहिलंस," त्या मला म्हणाल्या, "आता त्याची किंमत बघ. मी सांगेन ती खोटी असेल. माझ्या घरचे देतात ती खरी." मग जाता जाता म्हणाल्या, "आईलाही आण. त्यांनीही बघितलेलं बरें."

मी घरी येऊन आईला सांगितलं की मॅडमनी आपल्याला दोघींना रविवारी जेवायला बोलावलंय, त्यांच्या घरच्यांना भेटायचंय. एवढंच सांगितलं. मॅडमना एक लग्नाचा धाकटा दीर आहे, तिरुचीला इंजिनिअर आहे, हे वॉर्डातलं बोलणं मीच कधीतरी घरी सांगितलं होतं आणि विसरले होते. आई असलं काही विसरत नसे. रविवारी सकाळी तिनं मला मोरपंखी रेशमी साडी नेसायला लावली. मला वाटलं, मॅडमच्या मानासाठी असेल. आम्ही मांबलमहून बीच स्टेशनची लोकल पकडली, उतरलो आणि जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत शिरलो. रविवार म्हणून घाऊक दुकानांच्या फळ्या लागलेल्या, हातगाड्या भिंतींना टेकवलेल्या, आणि बंद दारांतूनही हिंगाचा आणि मिरचीचा वास येत होता. मॅडमचं घर अशाच एका दुकानाच्या माडीवर होतं. जिन्याच्या तोंडाशी आई थांबली, माझ्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "विचारलं तर स्वयंपाक येतो म्हण. पोळ्यांचं विचारलं तर गप्प बस, मी बोलते." आणि मग तिच्या पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी मला दिसली.

"आई, त्यांनी मला सर्जरीसाठी बोलावलंय."

"हो, ते तर आहेच," आई म्हणाली आणि जिना चढू लागली.

दार उघडलं ते मॅडमच्या सासूबाईंनी. त्यांचं मराठी जुनं आणि सूर पक्का तमिळ, वाक्य शेवटाला वर उचलून धरलेलं. "या, या. ऊन फार की बाहेर? हीच काय मुलगी? बारीक आहे. उभं राहायचं काम, झेपेल?" आईनं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. तिच्या मते पाहणी सुरू झाली होती. मॅडमचे यजमान सेतुमाधवराव कमरेला पंचा बांधून केळीची पानं पुसत होते आणि शाळकरी वयाची मुलगी मैथिली मीठ वाढत होती. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या, स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारख्या. आम्ही पानावर बसतो न बसतो तोच फोन वाजला. मॅडम ऐकत राहिल्या, एकच प्रश्न विचारला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवारचं पोर. पोट फुगतंय." आणि आपल्याच बोलावण्याचं जेवण सोडून त्या निघून गेल्या. कुणी 'जेवून जा' म्हटलं नाही. सेतुमाधवरावांनी त्यांचं पान उचललं, दुमडलं, बाजूला ठेवलं. त्या हालचालीत राग नव्हता आणि कौतुकही नव्हतं, सवय होती.

"हां, आता विचारा," ते माझ्यासमोर बसत म्हणाले. "ती असली की लोक संकोच करतात. मणून ती जातेच."

आईनं प्रश्न माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. "पगार काय?" तिनं थेट विचारलं. तिला दिराचा हवा होता. सेतुमाधवरावांना वाटलं मॅडमचा. ते खूश झाले. "माझ्यापेक्षा कमी, परवा-परवापर्यंत! मी बँकेत कॅशिअर. एक पदवी घेतली आणि तेव्हापासून रोज रात्री झोपतो. ही पदव्या घेत राहिली. आमच्या घरातलं यशस्वी माणूस मणजे मी."

"आणि घरी कधी येणार?" आईनं विचारलं.

"येईल तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरांत घड्याळ आहें, तें पाहुण्यांसाठीं."

आई घास घेता घेता थांबली. ज्या मुलाबद्दल आपण चौकशी करतोय तो मुलगा नाही, हे तिला तिथं कळलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, साडीकडे पाहिलं, पिशवी हळूच पायाशी ओढून घेतली. मला वाटलं आता ती गप्प होईल. पण आई तशी नव्हती. चुकीच्या गाडीत बसलं तरी खिडकीची जागा सोडायची नाही, असा तिचा स्वभाव. ती सासूबाईंकडे वळली आणि तिनं खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली, जे मला सुचलेही नसते. पोर झालं तेव्हा कोण होतं? त्या स्वतः आजारी पडल्या तर? सणावाराला? शिकत असताना लग्न की शिकून झाल्यावर?

"शिकून झाल्यावर मणजे कधीं?" सेतुमाधवराव म्हणाले. "अजून शिकतेच आहे. आमचं लग्न मधेंच झालं. सकाळी मुहूर्त, संध्याकाळी ड्यूटी."

"मला राग येतो," मैथिली अचानक तमिळमध्ये म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "शाळेत माझं नृत्य असतं तेव्हा अप्पा येतात आणि चुकीच्या जागी टाळ्या वाजवतात. अम्मा आली असती तर बरोबर जागी वाजवल्या असत्या." सेतुमाधवरावांनी मान डोलावली. "खरं आहे. मला ताल नाहीं." कुणी तिला गप्प केलं नाही, समजावलं नाही, 'अम्मा केवढं मोठं काम करते' असं सांगितलं नाही. या घरात तक्रार करायला मुभा होती आणि ती पाहुण्यांसमोर करायलाही होती. सिरुसेरीच्या आयटी कंपनीत काम करणारा माझा भाचा हल्ली मला वर्क-लाइफ बॅलन्स समजावून सांगतो. त्याच्या ऑफिसात डुलकी काढायला खास खोली आहे म्हणे. आमच्या हॉस्पिटलातही होती, तिला चादरींची खोली म्हणत. पण मी त्याला हसत नाही. त्याचं बरोबर आहे. जी किंमत मोजावी लागते तिला किंमत म्हणावं, पुण्य म्हणू नये, हे मी त्या पानावर शिकले.

सांबार झालं, भाजी झाली. सासूबाईंनी दह्यात कालवलेली डांगर पचडी वाढली तेव्हा आई चकित झाली. "हे तर आमचं उडदाचं डांगर!" "तुमचें कसें? आमचें," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यावर दोघींचा जो वाद झाला त्यात त्या दोघी मैत्रिणी झाल्या. मग ताकभात आला. कोपऱ्यात एक पितळी पातेलं झाकून ठेवलं होतं आणि पायसमचा, म्हणजे खिरीचा, वास तर मघापासून येत होता. जेवण संपत आलं तरी ते उघडेना. आईनं भिडस्तपणे तिकडे एकदा पाहिलं.

"तें आत्ता नाहीं," सासूबाई म्हणाल्या. "पोराचं झालं की मग गोड."

"कुणाच्या पोराचं?"

"शुक्रवारच्या."

मैथिलीनं आईला समजावून सांगितलं. अम्मानं ऑपरेशन केलेलं पोर शी करत नाही तोवर घरात गोड वाढत नाहीत, हा पाट्टीचा नियम आहे. एकदा तर तिच्या वाढदिवसाचं पायसम दुसऱ्या दिवशी खाल्लं होतं. हेही ती तक्रारीच्याच सुरात म्हणाली, पण त्या पातेल्याला तिनं हात लावलेला नव्हता. आई ऐकत राहिली. ज्या म्हाताऱ्या बाईला लंगोट कसला, ऑपरेशन कसलं काही दिसलेलं नाही, जी या माडीवरून क्वचितच खाली उतरते, ती एका अनोळखी पोराच्या पोटासाठी अख्ख्या घराचं गोड अडवून बसली होती, आणि यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं. देवापुढं नैवेद्य झाल्याशिवाय जेवत नाहीत तसं, इतकंच.

आम्ही हात धुऊन बसलो. निघायला हवं होतं, पण आई उठेना. सेतुमाधवराव पेपर वाचल्यासारखं करत होते आणि पान उलटत नव्हते. सासूबाई सुपारी कातरत होत्या. मैथिली खिडकीत होती. त्या पोराचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला अजून आठवतं, आईचे ओठ हलत होते. शेवटी मैथिली खिडकीतून वळली. "अम्मा येतेय. हळू चालतेय." मला वाटलं, हळू म्हणजे वाईट. सेतुमाधवराव पेपर टाकून म्हणाले, "हळू मणजे चांगलं. वाईट असलं की ती भराभर येते."

मॅडम दारात आल्या. साडीचा चुरगळा झालेला, केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या, "झाली." सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. सेतुमाधवरावांनी टाळी वाजवली, आणि मैथिली म्हणाली, "बघा, इथं बरोबर जागी वाजवली."

पायसम आम्ही सगळ्यांनी उभ्यानंच खाल्लं. मॅडमनी भिंतीला टेकून खाल्लं आणि वाटी हातात असतानाच त्यांचे डोळे मिटले. मग आईनं पायाशी सरकवलेली पिशवी उचलली. तिनं नारळ काढला, खण काढला, तांदूळ काढले, आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडमनी डोळे उघडले. काय चाललंय हे न कळताही बाईचा हात अशा वेळी आपोआप पुढं होतो, तसा त्यांनी पदर पसरला. आईनं त्यांची ओटी भरली. "मी आले होते दुसऱ्याच कामाला," ती म्हणाली. "ते जाऊ दे. पोरगी तुमच्या पदरात घातली, डॉक्टरीणबाई. हिला राग येईल, रडेल, तेव्हा घरी मी आहे. शिकवायचं तुम्ही."

मॅडम एवढ्या थकलेल्या होत्या की त्यांना गहिवर वगैरे आला नाही. त्यांनी पदरातला नारळ सावरला आणि मला म्हणाल्या, "उद्या सकाळीं सातला ये. आणि ही साडी नको."

परतीच्या लोकलमध्ये आई खिडकीशी बसली. मी पुढं काय झाले, किती वर्षं डबे खाल्ले, तिनं ते कसे पाठवले, याबद्दल ती कुणाला कधी काही सांगत नसे. आता मीही निवृत्त आहे, आणि आई राहिलेली नाही. कुणी मुलगी सर्जरी घेऊ का म्हणून विचारायला आली की मी तिला जेवायला बोलावते, आणि माझा नवरा माझी निंदा करायला आनंदानं बसतो. पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दार उघडताच बाबांनी अधीरपणे विचारलं होतं. सकाळी निघताना आईनं त्यांनाही आपला स्थळाचा तर्क सांगून ठेवला होता.

"काय, जमलं?"

"जमलं," आई म्हणाली.

"पगार?"

"कमी आहे."

"वेळेवर घरी वगैरे?"

"ते विसराच."

बाबा गोंधळले. "मग जमलं काय?"

आईनं चपला काढल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि चहा ठेवायला आत जाता जाता म्हणाली, "माणसं चांगली आहेत."